हातगुण म्हणजे नेमकं काय? साखरेच्या गोळीचं बळ आणि तिची हद्द

पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी सातनंतर एक मागणी हमखास ऐकू येते. "डॉक्टर, नुसत्या गोळ्या नकोत, सुई मारा. उद्या ड्युटीवर जायचंय." फारच गळून गेलेला असला तर, "एक बाटली लावा." बाटली लागते. तासाभराने पेशंट उठतो तेव्हा चेहऱ्यावर थोडी टवटवी आलेली असते, आणि रिक्षात बसताना तो बायकोला म्हणतो, "ह्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे."

त्या बाटलीत काय असतं ते आधी बघू. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाइनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, बाकी सगळं पाणी. ज्याला उलट्या होत नाहीत, जो तोंडाने पिऊ शकतो, त्याला या बाटलीतून जे मिळतं ते दोन-तीन ग्लास लिंबूसरबतातून मिळालं असतं. तरी त्याला बरं वाटलं, आणि ते ढोंग नव्हतं. मग ते बरं वाटणं आलं कुठून?

तीन शक्यता आहेत. आजार आपणहून ओसरत होता. किंवा सोबत दिलेल्या पॅरासिटामॉलने ताप उतरला. किंवा बाटली, सुई, स्टेथोस्कोप, "काळजी करू नका" हे शब्द, या सगळ्या सोपस्काराने शरीरात खरंच काही बदललं. या तिसऱ्या भागाला वैद्यकात प्लासिबो परिणाम म्हणतात, आणि औषध म्हणून दिलेल्या पण औषध नसलेल्या गोळीला किंवा सुईला प्लासिबो. लॅटिनमध्ये प्लासिबो म्हणजे 'मी खूश करीन'. आपल्याकडे त्याला 'हातगुण' म्हणतात आणि आमच्या मते हा शब्द जास्त नेमका आहे, कारण गुण औषध देण्याच्या रीतीतही असतो हे त्यात आधीच सांगितलेलं आहे.

आधी वजाबाकी

हातगुणाच्या नावावर जे जमा होतं, त्यातलं पुष्कळ त्याचं नसतं. साधा व्हायरल ताप पाच-सात दिवसांत उतरतोच. पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्यात येतो, पाचव्या दिवशी बरा होतो आणि श्रेय चौथ्या दिवशीच्या सुईला जातं. कंबरदुखी, मायग्रेन, संधिवात यांचं दुखणं भरती-ओहोटीसारखं वरखाली होतं. माणूस डॉक्टर गाठतो तो भरतीला. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी बहुतेक वेळा ओहोटी यायचीच असते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. अनुभवी डॉक्टरही यात फसतात.

काविळीची माळ हे याचं उत्तम उदाहरण. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून माळ करतात आणि ती पेशंटच्या डोक्यावर ठेवतात. काड्या सुकून बारीक होतात, फास सैल पडतात, माळ लांबते, आणि लांबली म्हणजे कावीळ उतरली असं मानतात. ती माळ भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली तरी लांबेल. दूषित पाण्यातून होणारी हेपेटायटिस एची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपणहून उतरते. सापाचंही तसंच. चावलेले बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. असे पेशंट मांत्रिकाकडे जाऊनही वाचतात आणि त्याची कीर्ती वाढते. घोणस किंवा मण्यार चावलेला तिथे जातो तेव्हा मात्र प्रतिविष देण्याची वेळ हातची जाते. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवलेला आहे.

वजाबाकी कशी करायची? समजा कंबरदुखीचे ९० पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे ३०-३० चे तीन गट केले. पहिल्या गटाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला साखरेची गोळी दिली, तिसऱ्याला खरं औषध. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ९ जणांना बरं वाटलं, दुसऱ्यातल्या १४ आणि तिसऱ्यातल्या १९ जणांना. मग औषधाचा स्वतःचा वाटा १९ उणे १४, म्हणजे ५. आणि प्लासिबोचा वाटा? घाईत १४ म्हटलं जातं, ते चूक आहे. तो १४ उणे ९, म्हणजे ५. ते ९ जण कशानेच बरे झालेले नाहीत, ते आपले आपणच बरे झाले. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.)

ही चूक वैद्यकाच्या इतिहासात मोठ्या प्रमाणावर झाली. अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९५५ साली १५ अभ्यास एकत्र करून सांगितलं की साधारण ३५ टक्के पेशंटना प्लासिबोने आराम पडतो. हा आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत पक्का बसला. पण बीचर यांनी प्लासिबो गटातली सगळी सुधारणा प्लासिबोच्या खात्यावर टाकली होती. 'काहीच न दिलेला' गट त्या हिशेबात नव्हता. डेन्मार्कच्या ह्रोबियार्टसन आणि ग्योट्शे यांनी २००१ साली असा गट असलेल्या ११४ चाचण्या तपासल्या, तेव्हा चित्र बरंच लहान झालं. दुखण्यासारख्या, पेशंटने स्वतः सांगायच्या तक्रारींत थोडा फरक दिसला. यंत्राने मोजायच्या गोष्टींत म्हणण्यासारखा काही दिसला नाही.

फरक लहान निघाला म्हणून तो खोटा ठरत नाही. तो शरीरात घडतो कसा हे आता बऱ्यापैकी माहीत आहे, आणि या विषयातला आम्हाला सर्वांत थक्क करणारा भाग तोच.

दुखणं कमी होतं तेव्हा आत काय घडतं

१९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना वेदनाशामक म्हणून प्लासिबो दिला. काहींचं दुखणं कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. अफू, मॉर्फिन, हेरॉईन ज्या कुलपांना लागतात तीच कुलपं हे औषध बंद करतं, म्हणून जास्त मात्रेने बेशुद्ध झालेल्याला ते देतात. नॅलोक्सोन मिळताच प्लासिबोने आराम पडलेल्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे तो आराम नुसता 'मनाचा खेळ' नव्हता. आराम पडणार या अपेक्षेने मेंदूने स्वतःचं मॉर्फिन, एंडॉर्फिन, सोडलं होतं, आणि ते कुलूप बंद केल्यावर आरामही गेला.

पुढे लेव्हिन आणि गॉर्डन यांनी उलट बाजूने तपासलं. पेशंटला कळू न देता, नळीतून गुपचूप मॉर्फिन सोडलं. सहा ते आठ मिलिग्रॅम लपून दिलेल्या मॉर्फिनचा आणि डोळ्यांदेखत दिलेल्या साध्या सलाइनचा आराम जवळपास सारखा निघाला. इटलीतल्या तुरीन इथे फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी याच धर्तीवर अनेक प्रयोग केले. सार एकच: जे औषध पेशंटला दिसत नाही ते कमी लागू पडतं. मेंदूचा पुढचा भाग, जिथे अपेक्षा घडते, तो शाबूत असावा लागतो. अल्झायमर झालेल्यांमध्ये हा भाग क्षीण होतो तेव्हा प्लासिबोचा भागही जातो, आणि तेवढाच आराम द्यायला औषधाची मात्रा वाढवावी लागते. हे बेनेदेत्तींच्या गटाने २००६ साली दाखवलं. घरात असं माणूस असेल तर ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. त्यांना दुखतंय का, हे चेहऱ्यावरून आणि हालचालीवरून ओळखावं लागतं, आणि "गोळी घेतली, आता बरं वाटेल" हा धीर त्यांच्यापर्यंत पोचत नसतो.

पार्किन्सनच्या पेशंटमध्ये रसायन वेगळं. २००१ साली कॅनडात केलेल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की प्लासिबो मिळाल्यावर त्यांच्या मेंदूत डोपामिन सुटतं, म्हणजे नेमकं तेच, जे या आजारात कमी पडतं.

अपेक्षेखेरीज दुसरा रस्ता सवयीचा. १९७५ साली रॉबर्ट अॅडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी आणि त्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. नंतर नुसतं गोड पाणी दिलं तरी त्यांची प्रतिकारशक्ती दबली. उंदराला कुणी धीर दिला नव्हता, शरीरानेच चवीची आणि औषधाची गाठ मारून ठेवली होती. २००२ साली जर्मनीत हेच निरोगी माणसांवर करून पाहिलं. हिरवा रंग आणि लॅव्हेंडरचा वास असलेलं स्ट्रॉबेरीचं दूध सायक्लोस्पोरिन औषधासोबत काही वेळा दिलं, मग त्याच दुधासोबत रिकामी कॅप्सूल. रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दबलेली दिसली. मात्र आधी खरं औषध मिळालेलं असेल तरच ही गाठ बसते. औषध कधी चाखलंच नाही तर शरीराला नक्कल करायला काही नसतं.

हातगुणाचे सुटे भाग

हार्वर्डचे टेड कॅपचक यांनी २००८ साली हातगुण अक्षरशः सुटा करून पाहिला. चिडखोर आतड्याचे, म्हणजे आयबीएसचे, २६२ पेशंट. एका गटाला नुसती प्रतीक्षायादी. दुसऱ्याला खोटं अॅक्युपंक्चर: सुई त्वचेत शिरत नाही, मुठीत मागे सरकते, आणि बोलणं पाच मिनिटांचं, कामापुरतं. तिसऱ्याला तेच खोटं अॅक्युपंक्चर, पण पहिल्या भेटीत पाऊण तास मनापासून विचारपूस. तक्रार काय, तिने घरात-कामात काय अडतं, तुम्हाला स्वतःला कशामुळे वाटतं, मध्येच वीस सेकंद विचार करत शांत बसणं, आणि शेवटी विश्वासाचे शब्द. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. खोट्या सुईने १६ टक्क्यांची भर घातली. माणसासारख्या बोलण्याने आणखी १८.

मुंबईत सरकारी ओपीडीत एका पेशंटला पाऊण तास देणं अशक्य आहे, हे रांगेत उभा राहिलेला कुणीही सांगेल. पण त्या पाऊण तासातले काही तुकडे दोन मिनिटांतही बसतात. पेशंट बोलत असताना स्क्रीनवरून नजर उचलणं, पोटाला हात लावून तपासणं, "हे मी आधी पाहिलंय, यावर उपाय आहे" असं सांगणं. औषध कधी काम करू लागेल हे सांगितलं तर तेही कामाला येतं: "ही गोळी लगेच नाही, चार दिवसांनी जाणवेल." चार दिवसांची वाट पाहायची आहे हे माहीत असलेला पेशंट दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलत नाही.

किंमत आणि रूपही मोजलं गेलंय. २००८ साली अमेरिकेत ८२ जणांना विजेचे सौम्य झटके देऊन एकच खोटी गोळी दोन किमती सांगून दिली. अडीच डॉलरची सांगितल्यावर सुमारे ८५ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, दहा सेंटची सांगितल्यावर ६१ टक्के लोकांचं. जनऔषधी केंद्रातली गोळी 'लागू पडत नाही' ही तक्रार ऐकताना हे आठवावं. घटक तोच, मिलिग्रॅम तेवढेच, फक्त पाकीट साधं, गोळीचा रंग वेगळा आणि भाव कमी. अशा वेळी पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मात्रा जुन्या पट्टीशी केमिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून ताडून घ्यावी, आणि रक्तदाब-साखरेच्या औषधांत स्वतःला कसं वाटतंय त्यापेक्षा मोजमाप पाहावं. आकडा जागेवर असेल तर गोळी काम करतेय.

सोपस्कार जितका मोठा तितका परिणाम मोठा, म्हणून शस्त्रक्रिया या बाबतीत सर्वांत बलवान. लंडनच्या ऑर्बिटा चाचणीत, २०१७ साली, चालताना छातीत दुखणाऱ्या, एका रक्तवाहिनीत अडथळा असलेल्या २०० स्थिर पेशंटची अँजिओप्लास्टी तपासली. सगळ्यांना गुंगीचं औषध, कानांवर हेडफोन, नळी आत. पण अर्ध्यांनाच स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर दोन्ही गट सुधारले होते, आणि त्यांच्यातला फरक सुमारे १६ सेकंदांचा निघाला, संख्याशास्त्राने ग्राह्य न धरण्याइतका. याचा उलटा अर्थ घेऊ नका. हे सगळे पेशंट छातीदुखीची औषधं घेत होते. त्याच गटाने २०२३ साली ती औषधं थांबवून केलेल्या चाचणीत स्टेंट प्लासिबोपेक्षा खरोखर सरस ठरला. आणि हार्ट अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिचा या चाचण्यांशी काही संबंध नाही.

जिथे मन पोचत नाही

दम्याचा एक प्रयोग आम्ही प्रत्येकाला सांगतो. २०११ साली बोस्टनमध्ये ३९ दमेकऱ्यांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या: औषधाचा पंप, औषध नसलेला पंप, खोटं अॅक्युपंक्चर, आणि काहीच नाही. किती बरं वाटलं असं विचारल्यावर पहिल्या तिन्ही गोष्टींबद्दलची उत्तरं जवळजवळ सारखी, ४५ ते ५० टक्के सुधारणा. काहीच न दिल्यावर २१. मग यंत्रात फुंकायला लावलं. औषधाच्या पंपाने एका सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी वाढली होती. बाकी तिन्हींत फक्त ७ टक्के, म्हणजे खोटा पंप आणि काहीच न घेणं यात फरक शून्य.

छाती मोकळी वाटत होती, पण श्वासनळ्या आवळलेल्याच होत्या. दम्यात जीव जातो तो इथेच.

म्हणून बांधकामाची धूळ आणि थंडीतली साचलेली हवा झेलणाऱ्या या शहरात दमेकऱ्याच्या घरी पीक फ्लो मीटर असावा. यंत्र साधं प्लास्टिकचं असतं, वीज लागत नाही. उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा, पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट मिटून नळीत एका दमात जोराने फुंकायचं. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. ओठांच्या कडेने हवा सुटली किंवा जीभ नळीच्या तोंडावर आली की आकडा खोटा येतो. तब्येत उत्तम असतानाचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा डॉक्टरांसोबत ठरवून ठेवावा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलात तर ठीक. ५० ते ८० मध्ये असलात तर डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव औषधयोजना. ५० च्या खाली आकडा आला तर पंप घेऊन सरळ इस्पितळ, 'तसं बरं वाटतंय' असं वाटत असलं तरी.

मोडलेलं हाड, वाढणारी गाठ, रक्तातली साखर, क्षयाचे जंतू यांना आपल्या अपेक्षेशी देणंघेणं नसतं. प्लासिबो दुखणं, मळमळ, थकवा, झोप, उदासी या जाणवण्याच्या गोष्टींवर चालतो, कारण त्या मेंदूतच घडतात.

मग जखम भरण्यावर मनाचा काहीच असर नाही? आहे, पण तो अपेक्षेचा नसून ताणाचा. ओहायोमध्ये १९९५ साली, घरात स्मृतिभ्रंशाचा पेशंट सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, त्याच वयाच्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, दुसऱ्या गटाला ३९.३. पुढे दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर केली. परीक्षेच्या वेळी ती भरायला तीन दिवस जास्त लागले. लांबलेल्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वर राहतं, आणि जखमेपाशी पेशींना बोलावणाऱ्या सुरुवातीच्या रासायनिक हाका मंदावतात.

ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आधी यातून करण्यासारखं आहे ते साधं आहे. ऑपरेशनच्या दिवशी काय काय होणार ते आधी विचारून लिहून घ्या, अज्ञाताची भीती त्याने निम्मी उतरते. झोप सांभाळा. सिगारेट, तंबाखू, मशेरी किमान चार आठवडे आधी बंद करा. साखर ताब्यात आणा. आणि जागरणं एकाच माणसावर टाकू नका. दोन लोकल बदलून डबा पोचवणारी, रात्री बाकावर झोपणारी सून किंवा मुलगी, तिच्या शरीराचाही हिशेब वरच्या १३ बायकांत आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. परळला कॅन्सरच्या उपचारासाठी कोकणातून, विदर्भातून, थेट बिहारमधून माणसं येतात, आणि त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "पॉझिटिव्ह राहा, मनाने जिंकलं की आजार पळतो." या समजाला एकेकाळी आधार मिळाला होता. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास छापला. आधारगटात बसणाऱ्या स्त्रिया दुप्पट काळ जगल्या असं त्यात दिसलं. पण २००१ साली कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही, आणि २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्या पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकंदरीत नाही. कॅनडाच्या अभ्यासात आधारगटाने मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं, आणि त्यासाठी असा आधार नक्की घ्यावा. पण जी बाई रडते, घाबरते, चिडते, तिचा आजार त्यामुळे वाढत नाही. "तिने मनाने हार मानली" असं कुणाच्या पाठीमागे म्हणणं हे शास्त्राला धरून नाही, आणि मागे राहिलेल्यांना ते वर्षानुवर्षं टोचत राहतं.

हातगुण उलटतो तेव्हा

अपेक्षा वाईट असेल तर शरीर तीही पुरी करतं. याला नोसिबो म्हणतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखतात असं व्हॉट्सअॅपवर वाचून गोळी सोडणारे पुष्कळ. लंडनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या: चार खऱ्या गोळ्यांच्या, चार खोट्या, चार रिकाम्या. रोजचा त्रास शंभरपैकी किती ते फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीच्या १५.४, खऱ्या गोळीच्या १६.३. त्रास खरा होता, पण त्यातला नव्वद टक्के गोळी गिळण्यातून आला होता, औषधातून नव्हे. स्वतःचा हा आलेख पाहिल्यावर ६० पैकी ३० जणांनी गोळी पुन्हा सुरू केली. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. कोविड लशींच्या चाचण्यांतही नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असे त्रास सांगितले.

शब्दांनीही हे होतं. २०१० च्या एका अभ्यासात बाळंतपणात कमरेत भूल देण्याआधीची सुई टोचताना १४० बायकांपैकी निम्म्यांना सांगितलं, "मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग." उरलेल्यांना, "ही जागा बधिर करणारी सुई आहे, म्हणजे पुढचं सोपं जाईल." दहापैकी किती दुखलं? पहिल्या गटाचं मधलं उत्तर ५, दुसऱ्याचं ३. सुई तीच. लहान मुलाला लस टोचायला नेताना "अजिबात दुखणार नाही" हे खोटं आणि "आता बघ कसं टोचतात" ही भीती, दोन्ही टाळावं. "थोडंसं टोचेल, मग आपण बाहेर जाऊन फुगा घेऊ" एवढं पुरतं.

मग डॉक्टरांनी मुद्दाम साखरेची गोळी द्यावी का? फसवून देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकदा उघड झालं की पुढच्या खऱ्या औषधावरचाही विश्वास उडतो. शिवाय फसवणुकीची गरज असतेच असं नाही. २०१० साली कॅपचक यांच्याच गटाने आयबीएसच्या ८० पेशंटपैकी अर्ध्यांना सरळ सांगून प्लासिबो दिला: यात औषध नाही, पण अशा गोळ्यांनी शरीराला सवयीने आराम पडू शकतो, रोज दोनदा न चुकता घ्या. तीन आठवड्यांनी ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम सांगितला, न घेणाऱ्यांत ३५ टक्के. अभ्यास लहान आहेत आणि पेशंटला आपण कुठल्या गटात आहोत हे माहीत असतं, त्यामुळे निकाल जपून वाचावे लागतात. तरी दिशा महत्त्वाची आहे.

मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात कधी तुम्हाला औषधाच्या चाचणीत भाग घ्या असं विचारलं गेलं तर प्लासिबो हा शब्द संमतिपत्रात शोधा. नेहमीचे उपचार चालू ठेवून वरून प्लासिबो मिळणार, की उपचार थांबवून, हे विचारा. अडीअडचणीला तुमच्या बाटलीत काय आहे ते उघड करण्याची सोय कोणाकडे आहे तेही विचारा. भारतात अशा चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे, तो क्रमांक मागून घ्या. उपलब्ध असलेला प्रमाण उपचार न देता प्लासिबो दिल्याने इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार भरपाई मिळते. सही केलेल्या पत्राची प्रत घरी न्या.

पुन्हा त्या बाटलीकडे

पावसाळ्यातला ताप नेहमी साधा व्हायरल नसतो. मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू याच दिवसांत असतात. आणि डेंग्यूत 'बरं वाटलं' हीच सर्वांत फसवी खूण आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी काही पेशंटमध्ये रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागतं. पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. आदल्या संध्याकाळी बाटली लावून आलेला माणूस तेव्हा म्हणतो, "उतरला ताप, गुण आला," आणि कामावर जातो.

सुईचंही तसंच आहे. अंगदुखीसाठी मागून घेतलेली सुई पुष्कळदा डायक्लोफेनॅकची असते. ती प्लासिबो नाही, खरं औषध आहे, आणि डेंग्यूत ती रक्तस्रावाचा धोका वाढवते. डेंग्यूचा संशय असताना तापाला पॅरासिटामॉलच घ्यावं. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक टाळावं. ताप दोन दिवसांत हटला नाही तर मलेरियाची आणि डेंग्यूची रक्ततपासणी करून घ्या. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, म्हणजे लेप्टोचा विचार वेळेत होतो. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, विलक्षण सुस्ती यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने इस्पितळ गाठा.